२००६ ची अमेरिकन मिडटर्म आणि सिनेट कसं फिरलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मिडटर्म आली की आपल्या ओळखीतले लोक तेच तेच विचारतात. प्रेसिडेंट तर बदलत नाही मग एवढा गाजावाजा कशाला, सिनेट गेलं म्हणजे नक्की काय गेलं, आणि आपल्याला त्याचं काय. हे सगळं एकाच निवडणुकीवरून समजून घ्यायचं असेल तर माझ्या मते २००६ ची घ्या, कारण त्या वेळी वरचं सभागृह म्हणजे सिनेट रिपब्लिकन पक्षाकडून डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं ते अगदी थोड्या मतांवर, आणि त्याचे परिणाम दुसऱ्या दिवशी दुपारपासून दिसायला लागले.

मिडटर्म म्हणजे काय? त्यात प्रेसिडेंट निवडतात का?

नाही. प्रेसिडेंटची टर्म ४ वर्षांची, तिच्या बरोबर मधे नोव्हेंबरात ही निवडणूक येते म्हणून मिडटर्म. खालच्या सभागृहाच्या, म्हणजे हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजच्या, सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या १०० पैकी साधारण एक तृतीयांश जागा मतदानाला असतात. २००६ ला मतदान ७ नोव्हेंबरला झालं, सिनेटच्या ३३ जागा होत्या. प्रेसिडेंट होते रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश (धाकटे), त्यांची दुसरी टर्म चालू होती, ते स्वतः कुठेच उभे नव्हते पण जवळपास प्रत्येक राज्यात प्रचार त्यांच्याभोवतीच फिरत होता. मिडटर्मला मतदान कमी होतं, त्या वर्षी पात्र लोकांपैकी साधारण ४० टक्केच लोक मत द्यायला गेले, म्हणजे जो गेला त्याच्या मताला वजन जास्त, आणि पुढे मोंटाना वाचलात की हे वजन किती ते कळेल.

सिनेट म्हणजे आपली राज्यसभाच ना?

दिसायला सारखी. दोन्हीकडे टर्म ६ वर्षांची, दोन्हीकडे दर २ वर्षांनी एक तृतीयांश लोक बदलतात, दोन्ही कधी विसर्जित होत नाहीत. पण आपले राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात, महाराष्ट्राचे १९ खासदार असेच मुंबईत विधानभवनातून निवडून जातात. अमेरिकेतही आधी राज्यांच्या विधिमंडळातूनच सिनेटर निवडायचे, १९१३ च्या १७ व्या घटनादुरुस्तीनंतर थेट लोक निवडायला लागले.

दुसरं म्हणजे जागा. आपल्याकडे लोकसंख्येच्या हिशोबाने, महाराष्ट्राला १९ तर गोव्याला १. तिकडे प्रत्येक राज्याला दोनच, मग ते कॅलिफोर्निया असो की वायोमिंग. त्यामुळे छोट्या राज्यातले चार-दोन हजार मतदार सुद्धा पूर्ण सभागृहाचा तोल फिरवू शकतात.

आणि तिसरा फरक सगळ्यात मोठा. राज्यसभा मनी बिल अडवू शकत नाही, मंत्री कोण व्हावं यात तिला मत नाही. सिनेटचं तसं नाही, मंत्री, राजदूत, सुप्रीम कोर्टापासून खालपर्यंतचे फेडरल म्हणजे केंद्राचे जज, सगळ्यांच्या नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागते, आंतरराष्ट्रीय करारांनाही लागते. प्रेसिडेंटने नाव सुचवायचं, बसवायचं की नाही ते सिनेट ठरवणार.

निवडणुकीआधी कोणाकडे किती जागा होत्या?

रिपब्लिकन ५५, डेमोक्रॅट ४४, आणि व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स अपक्ष, ते डेमोक्रॅट्सबरोबर बसायचे. हे जेफर्ड्स मूळचे रिपब्लिकन. २००१ मधे सिनेट ५०-५० असताना त्यांनी पक्ष सोडला आणि त्या एका माणसामुळे सिनेट डेमोक्रॅट्सकडे गेलं होतं, मग २००२ च्या मिडटर्मला रिपब्लिकननी ते परत मिळवलं. २००६ ला जेफर्ड्स निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी बर्नी सँडर्स अपक्ष म्हणून निवडून आले.

मग डेमोक्रॅट्सना ६ जागा का लागत होत्या? ५ घेऊन ५०-५० झालं असतं की

झालं असतं, पण चाललं नसतं. सिनेटमधे मतं समान पडली की उपाध्यक्षाचं मत पडतं, आणि उपाध्यक्ष होते डिक चेनी, रिपब्लिकन. म्हणजे ५०-५० म्हणजे रिपब्लिकन बहुमतच. ४५ वरून ५१ वर जायचं म्हणजे समोरच्याच्या ६ जागा घ्यायच्या आणि स्वतःची एकही घालवायची नाही. त्या वर्षाच्या सुरुवातीला हे होईल असं फार कमी लोक म्हणत होते.

लोक एवढे का चिडले होते?

इराक, आणि मग बाकीचं सगळं. फेब्रुवारी २००६ मधे सामर्राची अल-अस्करी मशीद स्फोटात उडवली गेली आणि त्यानंतर शिया-सुन्नी हिंसाचार इतका वाढला की युद्ध जिंकत आलोय हे सरकारचं म्हणणं लोकांना पटेनासं झालं. मतदानाच्या आधीच्या ऑक्टोबर महिन्यातच १०० च्या वर अमेरिकन सैनिक गेले, एकूण आकडा २,८०० च्या पुढे पोचला होता. तिथल्या छोट्या छोट्या गावात अंत्यविधी होत होते, हे फक्त टीव्हीवरचं युद्ध राहिलं नव्हतं.

त्यात २००५ चं कतरिना वादळ आणि न्यू ऑर्लिन्समधे सरकारचा उडालेला बोजवारा लोक विसरले नव्हते. मग जॅक अब्रामॉफ या लॉबिस्टचं (पैसे घेऊन खासदारांकडून लोकांची कामं करून घेणारा मध्यस्थ) लाचखोरीचं प्रकरण, हाउसमधले रिपब्लिकन नेते टॉम डीले यांचा राजीनामा, आणि सप्टेंबरच्या शेवटी मार्क फोली या रिपब्लिकन खासदाराने संसदेत काम करणाऱ्या अल्पवयीन मुलांना पाठवलेले अश्लील मेसेज बाहेर आले. बुश यांना पसंती देणारे ४० टक्क्यांच्या खाली होते. सगळं एकावर एक साठत गेलं.

त्या ६ जागा कुठल्या?

पेनसिल्व्हेनियात रिक सँटोरम यांना बॉब केसी यांनी हरवलं, तब्बल १७ टक्क्यांच्या फरकाने. ओहायोत माइक डीवाइन यांना शेरॉड ब्राउन यांनी. मिझुरीत जिम टॅलेंट यांना क्लेअर मकॅस्किल यांनी, ही लढत घासून झाली, तिथे स्टेम सेल संशोधनाचा प्रश्नही मतपत्रिकेवर होता. मोंटानात कॉनराड बर्न्स यांना जॉन टेस्टर यांनी, व्हर्जिनियात जॉर्ज ॲलन यांना जिम वेब यांनी.

आणि ऱ्होड आयलंड. इथे जरा थांबायला हवं कारण पूर्ण निवडणुकीचा अर्थ मला इथे सापडतो. लिंकन चेफी रिपब्लिकन होते, पण २००२ मधे इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत देणारे ते एकमेव रिपब्लिकन सिनेटर. म्हणजे लोकांना ज्याचा राग होता त्याला या माणसाने पहिल्याच दिवशी विरोध केलेला, राज्यात त्यांच्याबद्दल बहुतेकांचं मत चांगलं होतं, वडील जॉन चेफी सुद्धा तिथलेच सिनेटर. तरी ते शेल्डन व्हाइटहाउस यांच्याकडून हरले. मतदारांनी काय हिशोब केला बघा: माणूस चांगला आहे, पण तो निवडून गेला की सभागृह कोणाच्या हातात राहणार? ज्यांच्यावर आपण चिडलोय त्यांच्या. मला चेफींबद्दल वाईट वाटतं, पण मतदार चुकले असं मी म्हणणार नाही, कारण सिनेटमधे एका माणसाचं मत एक असतं आणि बहुमत ज्याचं त्याच्याकडे सगळ्या कमिट्या असतात.

व्हर्जिनियात त्या भारतीय मुलाचं काय प्रकरण होतं?

जॉर्ज ॲलन आधी व्हर्जिनियाचे गव्हर्नर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद) होते, २००८ ला प्रेसिडेंटसाठी उभे राहतील अशी चर्चा होती, त्यांची जागा सुरुवातीला पक्की धरली जायची. जिम वेब यांच्या टीममधला एक भारतीय वंशाचा, २० वर्षांचा कॉलेजचा मुलगा कॅमेरा घेऊन ॲलन यांच्या सभांना जायचा, रेकॉर्डिंग करायचा. हे तिकडे दोन्ही पक्ष करतात. ११ ऑगस्टला केंटकीच्या सीमेजवळ ब्रेक्स नावाच्या ठिकाणी सभा होती, तिथे ॲलन यांनी भाषणात त्याच्याकडे बोट करून त्याला 'मकाका' म्हटलं, दोनदा. हा माकडांवरून आलेला वर्णद्वेषी शब्द आहे. आणि वर म्हणाले की याचं अमेरिकेत स्वागत करा. मुलगा जन्माने व्हर्जिनियाचाच! समोरच्या गर्दीत तो एकटाच गोरा नसलेला आणि राज्याचा सिनेटर माईकवरून त्याला परका ठरवतोय.

त्याने जे केलं ते फार मोलाचं आहे असं मला वाटतं, तो काहीही न बोलता रेकॉर्डिंग करत राहिला. यूट्यूब तेव्हा दीडएक वर्षाचंच होतं, व्हिडिओ तिथे आला, मग पेपरात, मग सगळीकडे. ॲलन यांनी नंतर माफी मागितली पण आघाडी घसरायला लागली ती लागलीच. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्याच देशात जन्मलेल्या मुलाला तू इथला नाहीस म्हणणं एका सिनेटरला इतकं महाग पडलं.

अर्थात वेब फक्त त्यामुळे जिंकले नाहीत. ते व्हिएतनाम युद्धात लढलेले, रेगन यांच्या काळात नौदलाचे सेक्रेटरी, म्हणजे आधीचे रिपब्लिकनच, आणि इराक युद्धाला सुरुवातीपासून विरोध. त्यांचा मुलगा मरीन म्हणून इराकमधे होता आणि वेब पूर्ण प्रचारभर त्याचे लष्करी बूट घालून फिरले. अशा माणसाला देशद्रोही म्हणणं कोणाला जमणार.

निकाल त्याच रात्री का नाही लागला?

हाउसचा लागला, डेमोक्रॅट्सनी रात्रीच बहुमत घेतलं, शेवटी २३३-२०२ झालं. सिनेट मात्र मोंटाना आणि व्हर्जिनियावर अडकलं, आणि डेमोक्रॅट्सना दोन्ही हवे होते, एक गेलं असतं तरी खेळ संपला असता. व्हर्जिनियात सुमारे २३ लाख ७० हजार मतं पडली आणि फरक ९,३२९ चा. मोंटानात सुमारे ४ लाख मतं आणि फरक फक्त ३,५६२. म्हणजे मोंटानात साधारण १,८०० लोकांनी इकडचं मत तिकडे टाकलं असतं तर बर्न्स परत आले असते, सिनेट ५०-५०, आणि चेनींच्या मताने रिपब्लिकन बहुमत तसंच. दोन्ही राज्यांत तिसऱ्या उमेदवाराला मिळालेली मतं या फरकापेक्षा जास्त होती.

व्हर्जिनियात फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असल्यामुळे ॲलन यांना सरकारी खर्चाने रिकाउंट मागता आला असता. त्यांनी मागितला नाही, ९ नोव्हेंबरला पराभव मान्य केला, त्याच दिवशी बर्न्स यांनीही. ॲलन यांच्याबद्दल वर जे लिहिलंय ते लिहिलंय, पण हे त्यांनी नीट केलं, आठवडेच्या आठवडे कोर्टात खेचता आलं असतं.

मोंटाना एवढं कट्टर ग्रामीण राज्य, तिथे डेमोक्रॅट कसा आला?

टेस्टर शेतकरी होते, बिग सँडी नावाच्या गावाजवळ घरची शेती, लहानपणी मांस कापायच्या मशीनमधे डाव्या हाताची तीन बोटं गेलेली. मोंटाना राज्याच्या स्वतःच्या विधिमंडळातल्या सिनेटचे अध्यक्ष होते पण वॉशिंग्टनचा वारा लागलेला नव्हता. समोर बर्न्स १९८९ पासून सिनेटमधे आणि अब्रामॉफ प्रकरणात त्यांचं नाव सतत येत होतं, त्या वर्तुळाकडून आलेले पैसे त्यांना परत द्यावे लागले. त्यामुळे तिथे इराकइतकाच भ्रष्टाचार चालला.

५१ म्हणता, पण डेमोक्रॅट तर ४९ च निवडून आले?

बरोबर. ४९ रिपब्लिकन, ४९ डेमोक्रॅट, २ अपक्ष. एक सँडर्स, दुसरे कनेटिकटचे जो लिबरमन. लिबरमन २००० मधे डेमोक्रॅट्सचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते, पण इराक युद्धाला पाठिंबा देत राहिले म्हणून ऑगस्टमधे स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारी आतली निवडणूक) नेड लॅमाँट यांच्याकडून हरले. मग वेगळे उभे राहिले आणि नोव्हेंबरात त्याच लॅमाँटना हरवून निवडून आले, रिपब्लिकन मतदारांनी त्यांना भरभरून मतं दिली आणि रिपब्लिकन उमेदवार १० टक्क्यांच्या आसपास राहिला. तरीही त्यांनी डेमोक्रॅट्सबरोबर बसायचं ठरवलं, म्हणून ५१. ज्या युद्धावरून सभागृह फिरलं त्याच युद्धाच्या समर्थकाच्या मतावर नवीन बहुमत उभं होतं, आणि पुढच्या दोन वर्षांत हे सारखं जाणवत राहिलं.

रिपब्लिकनना कुठेच काही मिळालं नाही?

नवीन काही नाही. डेमोक्रॅट्सकडची एकही सिनेट, हाउस किंवा गव्हर्नरची जागा त्यांनी त्या दिवशी घेतली नाही. टेनेसीत बॉब कॉर्कर यांनी हॅरल्ड फोर्ड यांना हरवून जागा राखली.

दुसऱ्या दिवशी काय झालं?

८ नोव्हेंबरला दुपारी बुश पत्रकारांसमोर आले आणि संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड जाणार हे सांगितलं. आदल्याच आठवड्यात हेच बुश म्हणाले होते की रम्सफेल्ड शेवटपर्यंत राहतील. रॉबर्ट गेट्स यांचं नाव पुढे आलं आणि डिसेंबरात जुन्याच सिनेटने त्यांना ९५-२ ने मंजूर केलं. सिनेटचा पूर्ण निकाल लागायच्या आधी, नवीन एकाही सिनेटरने शपथ घेतलेली नसताना हा बदल झाला. युनायटेड नेशन्समधले राजदूत जॉन बोल्टन यांनाही सिनेटची मंजुरी मिळण्याची आशा उरली नाही, तेही डिसेंबरात बाहेर पडले.

शपथविधीआधी पुन्हा पारडं फिरणार होतं असं ऐकलंय, खरं का?

हो, आणि तो प्रसंग एका माणसाच्या जिवाचा होता हे आधी ध्यानात घ्यावं. १३ डिसेंबरला साउथ डकोटाचे डेमोक्रॅट सिनेटर टिम जॉन्सन यांना मेंदूत रक्तस्राव झाला, तातडीने ऑपरेशन करावं लागलं. त्यांची जागा रिकामी झाली असती तर नवीन माणूस नेमायचा अधिकार गव्हर्नरचा आणि गव्हर्नर माइक राउंड्स रिपब्लिकन, म्हणजे परत ५०-५० आणि परत चेनी. सुदैवाने जॉन्सन वाचले, सप्टेंबर २००७ मधे सिनेटमधे परतले आणि २००८ ला पुन्हा निवडूनही आले.

बहुमत मिळाल्यावर नक्की काय बदललं?

सगळ्यात आधी अजेंडा. सभागृहात काय मतदानाला येणार हे मेजॉरिटी लीडर म्हणजे बहुमतवाल्यांचा सभागृहातला नेता ठरवतो, ते झाले नेवाडाचे हॅरी रीड. मग सगळ्या कमिट्यांचे चेअरमन बदलले: परराष्ट्र जो बायडन, सैन्यदल कार्ल लेव्हिन, न्याय पॅट्रिक लेही. पर्यावरण कमिटीचे चेअरमन जिम इनहोफ हवामानबदल थोतांड आहे म्हणायचे, त्यांच्या जागी बार्बरा बॉक्सर आल्या, म्हणजे त्या खोलीत बोलावल्या जाणाऱ्या तज्ज्ञांपासून सगळं उलटं झालं. चेअरमनकडे चौकशी लावायची, कागद मागवायची, साक्षीला बोलवायची ताकद असते. केंद्राच्या सरकारी वकिलांना काढून टाकल्याचं प्रकरण असंच खणलं गेलं आणि ॲटर्नी जनरल (न्याय खात्याचे प्रमुख) अल्बर्टो गोन्झालेस यांनी ऑगस्ट २००७ मधे राजीनामा जाहीर केला.

कायद्यांमधे किमान वेतन. १० वर्षं ते तासाला ५.१५ डॉलरवर अडकलं होतं, मे २००७ मधे कायदा झाला आणि तीन टप्प्यांत ते ७.२५ झालं.

मग इराक युद्ध का नाही थांबलं?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा राग मला समजतो, लोकांनी त्यासाठीच तर मत दिलं होतं. पण सिनेटमधे वादाच्या विषयावर चर्चा बंद करून मतदान घ्यायला ६० मतं लागतात, आणि प्रेसिडेंटचा व्हेटो फिरवायला दोन तृतीयांश. ५१ मधे यातलं काहीच बसत नाही. बुश यांनी तर जानेवारी २००७ मधे २० हजारांवर जास्तीचं सैन्य पाठवायचं जाहीर केलं. सैन्य परतीची मुदत घालणारं बिल काँग्रेसने (हाउस आणि सिनेट मिळून तिथली संसद) पास केलं, १ मे ला व्हेटो झाला. जुलैमधे रीड यांनी सिनेटमधे कॉट मागवून सभागृह रात्रभर चालू ठेवलं, सकाळी मतं पडली ५२-४७, आणि ५२ म्हणजे ६० नाही. विषय तिथेच थांबला.

भारताचा यात काही संबंध होता का?

खूप मोठा, अणुकरार. मनमोहन सिंग आणि बुश यांनी जुलै २००५ मधे ठरवलेल्या कराराला काँग्रेसची मंजुरी लागत होती. हाउसने जुलै २००६ मधे पास केलं पण सिनेटमधे निवडणुकीआधी झालंच नाही. आता जुन्या सिनेटचे थोडेच दिवस उरलेले, त्यात नाही झालं तर बिल रद्द आणि नवीन काँग्रेसमधे पहिल्यापासून सगळं. दिल्लीत चांगलीच धाकधूक होती. शेवटी १६ नोव्हेंबरला, निवडणुकीनंतर नऊ दिवसांनी, सिनेटने ते ८५-१२ ने पास केलं, बायडन यांच्यासकट बरेच डेमोक्रॅट बाजूने. अंतिम करारावर शिक्कामोर्तब ऑक्टोबर २००८ मधे ८६-१३ ने झालं, तेव्हा सिनेट डेमोक्रॅट्सकडे होतं आणि प्रेसिडेंट बुश होते.

महाराष्ट्रासाठी हे लांबचं नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीने बांधलेल्या, १९६९ मधे सुरू झालेल्या, आणि १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेने त्यांच्या इंधनावरून किती वर्षं अडवणूक केली ते तिथे काम केलेल्या कोणालाही विचारा. ती कोंडी सोडवायचा दरवाजा त्या सिनेटमधून जात होता.

तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांच्या व्हिसा-ग्रीन कार्डचं काही झालं?

नाही, आणि हे बऱ्याच घरांना लागलं. २००७ मधे मोठं इमिग्रेशन बिल आलं, बुश यांचा पाठिंबा, डेमोक्रॅट नेत्यांचाही. २८ जूनला चर्चा संपवायला ६० हवी होती, मिळाली ४६. विरोध दोन्ही पक्षांतून होता, नवीन आलेल्या डेमोक्रॅट्सपैकी टेस्टर, वेब आणि मकॅस्किल यांचीही मतं विरोधात गेली. वरचं सभागृह आपल्या बाजूच्या पक्षाकडे गेलं की आपलं काम झालं असं समजणाऱ्यांनी ही यादी बघावी.

त्या सहा जणांचं पुढे काय झालं?

वेब एका टर्मनंतर उभेच राहिले नाहीत, २०१२ मधे ॲलन त्याच जागेसाठी परत आले आणि टिम केन यांच्याकडून हरले. मकॅस्किल २०१८ ला हरल्या. केसी, ब्राउन आणि टेस्टर तिघेही २०२४ ला एकदमच हरले, आणि त्या वर्षी सिनेट परत रिपब्लिकनकडे गेलं त्यात या तिघांच्या जागा होत्याच. व्हाइटहाउस मात्र २०२४ ला पुन्हा निवडून आले. आणि ज्यांना हरवून ते आले ते चेफी रिपब्लिकन पक्ष सोडून २०१० मधे अपक्ष म्हणून ऱ्होड आयलंडचे गव्हर्नर झाले, त्याच मतदारांच्या मतांवर.